पद्माक्काचा जेसीबी आणि आमची गॅसलाइन

३ नोव्हेंबर, सोमवार

पद्माक्काशी भांडण नं. १. (पुढं होणारच, म्हणून आत्ताच नंबर घालते.)

बेळगावजवळ मच्छेला कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला गटारीचं काम निघालंय. आमची गॅसची लाइन त्याच कडेनं जाते. मला कुणी कळवलेलं नाही. भैरू, आमचा लाइन फिरणारा माणूस, सकाळच्या फेरीत तिथं पोचला आणि फोनवर ओरडला, "मॅडम, लवकर या, जेसीबीनं दात लावल्यात!"

स्कूटी पळवली. चालक मल्लाप्पा बकेट खाली घालायच्या बेतात. मी दोन्ही हात आडवे करून मशीनपुढं. त्यानं वरूनच कन्नडमध्ये विचारलं, या कोण बाई? खाली छत्री घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "गॅसवाली असंल. कपाळावर आठ्या हैत न्हवं."

तीच मालकीण, पद्माक्का. पन्नाशीची, इरकली साडी, पायात पुरुषाचे बूट. दोन जेसीबी तिच्या नावावर.

"खोदायच्या आधी आम्हाला फोन करायचा असतो."

"पाइप घालताना तुम्ही मला फोन केलता?"

मी डिकीतून लोकेटर काढला, जमिनीखालची पाइप शोधणारं यंत्र.

कडेनं फिरवला. लाइन बकेटच्या दातांपासून हातभर. तिनं यंत्राची किंकिं ऐकली, माझ्याकडं बघितलं, आणि मल्लाप्पाला म्हणाली, "जरा आत सरक." संपलं. आभार नाहीत, काही नाही. चहा मात्र पाजला. नंबर दिला तर म्हणाली, "ठेवतो. पर लागणार न्हाय."

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवीन फलक करायचेत. 'खाली गॅस आहे, खोदण्याआधी फोन करा.' एवढं एक वाक्य. ते कुठल्या भाषेत यावर ऑफिसात दुपार गेली. कन्नड वर हवंच. मराठी नसेल तर निम्मी गावं वाचणार नाहीत. कॉन्ट्रॅक्टरसाठी इंग्रजी. एकजण म्हणाला, बोअरवाले सगळे तमिळनाडूचे, त्यांचं काय? साहेबांनी कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, चित्रच काढू. जेसीबी, त्यावर फुली, शेजारी फोन. सगळ्यांना पटलं, आणि काढायचं काम माझ्याच गळ्यात.

संध्याकाळी घरी चित्र नवऱ्याला, सुहासला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "छान आहे. पण हत्ती कुणाला फोन करालाय?"

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. त्यांनाही हत्तीच दिसला म्हणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उचगावची फेरी, भैरूबरोबर. आमचे पिवळे मार्कर, म्हणजे लाइन कुठून जाते ते दाखवणारे सिमेंटचे खांब. मला वाटायचं लोकांना ते दिसतच नाहीत. चूक. चांगले दिसतात. एकाला रेडकू बांधलेलं. एकावर ओली घोंगडी. पोरांच्या मैदानाजवळचा तर स्टंप झालाय, त्यावर खडूनं बेल्सही काढल्यात.

आणि ओढ्याकाठच्या मार्करला हळदकुंकू, एक फूल, उदबत्तीची काडी. शेतातल्या बाईला विचारलं.

"पिवळा हाय, आपोआप तर आला न्हाय. कुणीतरी बसवला असंल म्हणून वाहिलं."

"मावशी, हा देव नाही. खाली गॅसची पाइप आहे."

"असू दे की. गॅस बी लागतोच की रोज."

भैरू म्हणाला, मॅडम काही बोलू नका, इथं तर जन्मात कुणी कुदळ घालणार नाही. खरं आहे. सगळ्या मार्करना एकेक फूल वाहत जावं काय, असा विचार परत येताना चालू होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी केस धूत होते. मागच्या अंगणातून धप् धप् आवाज. खिडकीतून बघते तर सासूबाई पहार घेऊन खड्डा पाडालेत. स्वयंपाकघरात जाणाऱ्या गॅसच्या पाइपच्या डोक्यावर! तशीच पळाले, डोक्याला फेस.

"आत्ती, थांबा! पहार टाका!"

"अगं कढीपत्ता लावतोय, विहीर न्हाय पाडत."

"खाली गॅस आहे!"

"आपल्या घरात बी?" त्या खरंच चकित झाल्या. "मला वाटलं, तुझा गॅस तिकडं मच्छेला असतो."

गावोगाव सांगत फिरते, घरात एकदाही सांगितलं नव्हतं. हातानं माती काढून बघितलं. पिवळी पट्टी दिसली. पाइपच्या वर इशाऱ्यासाठी पुरलेली असते ती. पहारीचं टोक पट्टीला लागून थांबलेलं. कढीपत्ता आता तुळशीपलीकडं लावलाय. सासूबाईंनी शेजारच्या दोन घरांत जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या गोष्टीत पहार माझ्या हातात होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

निपाणीला आईकडं. भांडणाची गोष्ट रंगवून सांगितली. छत्री, बूट, 'तुम्ही मला फोन केलता?' आई हसली नाही. म्हणाली, "कुठली पद्मा? वखारवाल्यांची काय?"

आई लग्नाआधी आणि नंतरही तंबाखूच्या वखारीत होती. चाळणीवर. त्या वखारवाल्या जैन घरातली धाकटी पोरगी म्हणजे ही पद्माक्का. "बापानं सायकल शिकू दिली न्हाय म्हणून लपून ट्रॅक्टर शिकली. सगळ्या वखारीत बोभाटा." मग आई म्हणाली, "आम्हा बायकांना पाणी वरनं ओंजळीत ओतायचे. ती पोरगी तांब्या हातात द्यायची. त्यावरनं मार खाल्ला तिनं एकदा." आणि लगेच, "भाकरी दोन करू का तीन?"

तीन म्हणाले.

येताना बसमध्ये तेच डोक्यात. तरीपण खोदण्याआधी फोन करायलाच हवा. ते वेगळं, हे वेगळं.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं निभावलं, म्हणून आता हसू येतंय. क्रमानं लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

सुटी. इडल्या चालल्या होत्या. फोन वाजला. पद्माक्का.

"वैशाली मॅडम. फुटली. या."

उचगाव रस्त्यावरचं मंगल कार्यालय. सकाळी तिथल्या बोअरची पाण्याची पाइप तुटली, आत लग्न, वऱ्हाड जमलेलं, नळाला पाणी नाही. कार्यालयाच्या मालकानं हातापाया पडून पद्माक्काला बोलावलं. मल्लाप्पानं मार्कर बघितला, मार्करपासून चांगला लांब सरकून चर घेतला, आणि तिसऱ्या का चौथ्या बकेटला फुस्स.

फोनवरच सांगितलं. मशीन आहे तिथं बंद, परत चालू करायचं नाही. जनरेटर बंद. चुली बंद. गाड्या कुणी चालू करायच्या नाहीत. माणसं वारा येतो त्या बाजूला, लांब. खड्ड्यावर माती ढकलायची नाही. आणि फोनवर आता बोलू नका, लांब जाऊन बोला.

ती एवढंच म्हणाली, "व्हय." फोन बंद.

साहेबांना कळवलं, भैरूला वॉल्व्हकडं पाठवलं, निघाले. स्कूटी लांब लावून चालत गेले. आवाज आधी ऐकू आला. शंभर कुकर एकदम शिट्टीला आल्यासारखा. मग वास.

आणि कार्यालय रिकामं. खरंच रिकामं. खुर्च्या, अक्षतांच्या वाट्या, एक विसरलेली चप्पल. पलीकडं कापणी झालेल्या भाताच्या शेतात अख्खं वऱ्हाड उभं. जरीच्या साड्या, फेटे, कडेवर तान्ही पोरं, सगळे बांधावर. पद्माक्का त्यांच्यापुढं हात पसरून, कुणी परत फिरायला लागला की त्याच्या छातीवर हात.

आचाऱ्यानं तेवढा त्रास दिला म्हणे. गॅसच्या शेगड्या बंद करायला तयार नाही. "अक्का, पुऱ्या निम्म्याच तळल्यात!"

"मग लोक निम्म्या खातील!" म्हणत हिनं स्वतः रेग्युलेटर फिरवले आणि आचाऱ्याला दंडाला धरून बाहेर काढला.

भैरूनं वॉल्व्ह बंद केला. आवाज हळूहळू खाली आला, बारीक झाला, थांबला. टीम आली, फुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना पाइप दाबून बंद केली. कुणाला काही झालं नाही. परत लिहिते, कुणालाही काही झालं नाही.

पण मुहूर्त टळत चाललेला. आत जायला मी परवानगी दिली नव्हती, हवेत गॅस उरलाय का त्याची मोजणी व्हायची होती. भटजी घड्याळ बघून बघून हैराण. नवरीचा मामा माझ्याकडं येऊन म्हणाला, "मॅडम, आत न्हाय तर इथं चालंल का?" मी म्हटलं, इथं काहीही चालेल. मामानं अंतरपाट धरला. माईक नाही, म्हणून भटजींनी घसा फोडून मंगलाष्टकं म्हटली. बँडवाल्यांनी विचारलं, वाजवलं तर काय पेटत नाही न्हवं? नाही म्हटल्यावर त्यांनी असं काही वाजवलं की बांधावरचे बगळे उठले. अक्षता निम्म्या वाऱ्यावर. नवरीच्या उंच टाचा मातीत रुतायला लागल्या, तिनं सँडल काढून करवलीच्या हातात दिल्या आणि अनवाणी सप्तपदी चालली. मागाहून मला म्हणते, "मॅडम, फोटो लई भारी आल्यात."

मल्लाप्पा बांधाला बसून होता. हात मांडीखाली दाबलेले. एकच वाक्य, "मार्कर अल्ली इत्तु." मार्कर तिथं होता. नवरीच्या आजीनं त्याच्या हातात द्रोण दिला, समोर बसून लाडू खायला लावला. त्याला पोटाशी धरून म्हणाली, "तू पळून गेला न्हाईस बाबा."

खरंच. फुटल्याबरोबर मशीन बंद करून, उतरून, कार्यालयाच्या दारात जाऊन पहिला ओरडला तो तोच.

पुऱ्या निम्म्याच होत्या. मला अर्धी मिळाली.

१ डिसेंबर, सोमवार

आज हसू नाही.

पद्माक्काचा जेसीबी पोलीस ठाण्याच्या आवारात. आमच्या तक्रारीवरून. साहेबांचं म्हणणं सरळ आहे, न विचारता खोदलं, लाइन फोडली. आज सोडलं तर उद्या सगळे सुटतील. चुकीचं बोलत नाहीत ते.

पण मल्लाप्पाचं 'अल्ली इत्तु' डोक्यातून जात नाही. मार्कर खरंच तिथं होता, मीही बघितला. मग लाइन दुसरीकडं कशी?

३ डिसेंबर, बुधवार

कळलं!

लोकेटर घेऊन परत गेले. लाइन आपल्या जागी सरळ. मार्करच सरकलेला. एका खोलीच्या रुंदीएवढा. कार्यालयाच्या मालकाला विचारलं तर तो अजिबात लपवाछपवी न करता म्हणाला, "व्हय, मीच हलवला. कमानीच्या मधी येत होता. टाकून न्हाय दिला हां मॅडम. भिंतीकडंला नीट सिमेंट घालून बसवला. रंग बी दिला."

रंग दिला. आमच्या सगळ्या मार्करमध्ये तोच एक नवाकोरा दिसतो. भैरू मान खाली घालून म्हणाला, "मी रोज बघत होतो मॅडम. मनात म्हणायचो, ह्यो किती चांगला ठेवलाय."

मालकाला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्याला खरोखर वाटत होतं की त्यानं आमच्यावर उपकार केलेत. पाइपबरोबर मार्कर ठेवायचा असतो, मार्करबरोबर पाइप चालत येत नाही, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळं…"

साहेबांपुढं उभी राहिले. "तिनं न विचारता खोदलं हे खरं. आपला मार्कर हलला आणि आपल्याला कळलं नाही, हेही खरं. दोन्ही सांगू या."

"मग वरचे मलाच विचारतील."

"विचारतील, सर."

त्यांनी तक्रारीची फाइल पुढं ओढली. मला वाटलं, झालं, बदली. मग म्हणाले, "भैरूला सांग, नुसतं मार्कर आहे का नाही ते बघू नकोस. एका मार्करवरून पुढचा सरळ रेषेत दिसतो का ते बघ." आणि ठाण्यात फोन लावला.

५ डिसेंबर, शुक्रवार

ऊन उतरायला लागल्यावर पद्माक्का थेट ऑफिसात. मशीन सुटलंय. मला वाटलं भांडण नं. २. ती खुर्चीवर बसली, पिशवीतून डबा काढला. "आधी जेवतो. दिवस मावळला की आम्हाला चालत न्हाय." डबा नवऱ्यानं भरून दिलेला. तो किराणा दुकान बघतो, स्वयंपाक त्याचाच, ही मशीन बघते. "त्याला धुळीचा त्रास, मला फोडणीचा."

चपाती मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवली, उसळ डब्याच्या झाकणात वाढली. मी खाल्ली. आईचं नाव ओठांवर आलं होतं. काढलं नाही. तिला कशाला अवघडवायचं? आणि कदाचित मलाच.

"आता सांग," हात धुऊन म्हणाली. मॅडम गेलं, अगंतुगं आलं. "मार्करवर भरवसा ठेवला तर ही गत. मग कशावर ठेवायचा?"

"मार्कर म्हणजे फक्त 'इथं जवळपास आहे, सावध' एवढंच. नेमकी जागा तो सांगत नाही. तुम्ही फोन करायचा, आम्ही येऊन लोकेटरनं शोधणार, चुन्यानं खूण मारणार. मग मशीन न लावता हातानं खड्डा घेऊन पाइप डोळ्यांनी बघायची. दिसली की मगच मशीन, तेही लांबून."

"आणि तुम्ही आलाच न्हाय तर?"

"येणार."

"रविवारी?"

"गेल्या रविवारी आलेच होते की."

ती हसली. पहिल्यांदाच. पुढचे दोन दात सोन्याचे आहेत, आज कळलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ह्या बाईनं मला वेड लावायचं ठरवलंय.

सोमवारी फोन, सांबऱ्याला शेततळं, बघून जा. गेले, तिथं आमची लाइनच नाही. मंगळवारी, कुंपणाचे खांब. बुधवारी, मांडवाच्या मेढी. काल सकाळी सकाळी, "वैशाली, घराम्होरं तुळशीवृंदावन हलवालोय. खोदू का?"

"आक्का, तुमच्या गल्लीत गॅस अजून आलेला नाही!"

"मला काय म्हाईत? तूच म्हणालीस, आधी फोन."

सुहासला सांगितलं तर म्हणतो, तिला आपल्या घरी बोलव, कढीपत्ता दाखव.

चिडचिड होते, पण खरं सांगायचं तर तिचं नाव फोनवर दिसलं की दिवस बरा जातो.

२१ डिसेंबर, रविवार

पद्माक्काच्या आवारात सभा. सभा हा माझा शब्द, ती म्हणाली होती, "चहाला ये, चार लोक हैत." चार कुठले! बेळगाव, मच्छे, उचगाव भागातले सगळे जेसीबीवाले, बोअरवाले, केबल ओढणारे. मशीनं ओळीनं उभी, मधे सतरंजी. मी चित्रं, तक्ते घेऊन गेले होते. जेसीबीचा हत्ती सुधारून आता बऱ्यापैकी जेसीबी झालाय.

तक्ते पिशवीतच राहिले. पद्माक्का म्हणाली, "मल्लाप्पा, तू सांग."

मल्लाप्पा बोलत नाही कधी. उभा राहिला, टोपी काढली, कन्नडमध्ये सुरुवात केली. बकेट खाली गेली, हाताला काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं. दगड लागला तर लिव्हर थरथरतो, मूळ लागलं तर ओढतो. हे काहीच नाही. आणि मग आवाज. "मी मागं बघितलं. लग्नाच्या मांडवात लहान मुलं पळापळी खेळत होती." एवढं सांगून टोपी घातली आणि खाली बसला. कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी दोन्ही न कळणारे, पण अर्थ कुणी विचारला नाही.

मग एकजण उठला, मच्छेचा, दाढीवाला. त्यानं बरोबर नेम धरला. "मॅडम, सगळं पटलं. पर फोन केल्यावर तुम्ही येणार कधी? आठ दिवसानं? तवर मशीन उभं ठेवून आम्ही काय करायचं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. ऑफिसचा नियम मला माहीत होता. नियमात 'कामकाजाचे दिवस' वगैरे आहे. तरी म्हणून गेले, "आज फोन केला तर उद्या येईन. सणावारी पण."

"तुम्ही एकट्या?"

"मी, नाहीतर भैरू. पण कुणीतरी नक्की."

साहेबांना न विचारता शब्द दिला. भैरूलाही न विचारता. तो मागं उभा राहून भजी खात होता, त्याचा घास तसाच राहिला.

२२ डिसेंबर, सोमवार

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "शब्द देऊन आलीस, आता मला विचारतेस?" मग म्हणाले, अजून एक लोकेटर मागवू या. मिळेल न मिळेल. मागवू तर या.

भैरू बोलत नाही. मसाला डोसा खायला घातल्यावर बोलला.

६ जानेवारी, मंगळवार

खरी परीक्षा आली.

उचगाव रस्त्याला इंटरनेटच्या केबलचं मोठं काम. मोठा कॉन्ट्रॅक्टर, बाहेरचा. रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं भोक पाडत जाणारं ड्रिल मशीन आणलंय. त्याला पुढं काय आहे ते दिसत नाही. आणि त्या रस्त्याखालून आमची मुख्य लाइन जाते, लोखंडी, तिथून सगळ्या गावांना गॅस. मंगल कार्यालयातली फुटली ती हिच्यापुढं करंगळी.

ड्रिल आत सोडायचा आणि बाहेर काढायचा, असे दोन्हीकडचे खड्डे घ्यायचं काम पद्माक्काकडं. तिनं कालच फोन केला होता. आज गेले तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, परवानगी आहे, नकाशा आहे, थांबायला वेळ नाही. नकाशा बघितला. लाइन दाखवलीय, पण रस्ता रुंद व्हायच्या आधीची. त्यात रस्त्याची कडच वेगळी.

मी म्हटलं, उद्या सकाळी येऊन शोधते, हातानं खड्डे घेऊ, मग सोडा ड्रिल.

तो पद्माक्काकडं वळला. "तुम्ही चालू करा."

ती छत्रीला टेकून उभी होती. "न्हाय."

"मग दुसरं मशीन बोलावतो."

"बोलवा की."

ह्या कामावर तिचं सगळं वर्ष उभं आहे. मला माहीत आहे, तिनं कधी सांगितलं नसलं तरी. दुसऱ्या जेसीबीचं इंजिन दुरुस्तीला काढून ठेवलंय, ते ह्याच कामाच्या भरवशावर. परत येताना स्कूटीवर मला बरं वाटत नव्हतं.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी लोकेटरनं सगळी बाजू फिरून चुना मारला. लाइन नकाशापेक्षा बरीच आत निघाली. ड्रिल जिथून सोडायचं ठरलं होतं, त्याच्या बरोबर वाटेत.

कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "हे यंत्र किंकिं करतं म्हणून मी काम थांबवू?"

त्यानं खरंच दुसऱ्या जेसीबीवाल्यांना फोन लावले. भैरू तिथंच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. पहिल्यानं विचारलं, गॅसवाल्या बाईंनी खड्डे बघितले का? नाही? मग न्हाय जमत. दुसरा म्हणाला, पद्माक्का तिथं हाय न्हवं? तिला विचारा. तिसरा तर तोच दाढीवाला. त्यानं फोनवरच व्याख्यान दिलं म्हणे. बकेट, लिव्हर, मऊ लागणं, सगळं, जणू मंगल कार्यालयात तोच होता.

भैरूनं हे मला नकला करून दाखवलं. ऑफिसात सगळे हसले. साहेबसुद्धा. पण संध्याकाळी ते म्हणाले, तो बाहेरनं मशीन आणू शकतो, हुबळीहून, कोल्हापुरातून, कुठूनही. आणि वरून दाब आला तर आपण किती दिवस अडवणार?

पद्माक्काला फोन केला. "आक्का, काम गेलं तर?"

"गेलं तर गेलं. पर मल्लाप्पा परत तसा बांधाला बसलेला मला बघायचा न्हाय." मग लगेच, "तू जेवलीस का?"

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी गेले तर पद्माक्का आणि मल्लाप्पा आधीच हजर. मशीन रस्त्याच्या कडेला बंद उभं. दोघांच्या हातात फावडी. माझ्या चुन्याच्या खुणेवर मल्लाप्पानं माती काढायला सुरुवात केली होती, हळूहळू, वरवर, ताटातला भात सारावा तसा. पद्माक्का पदर खोचून घमेली उचलत होती. मी म्हटलं, आक्का तुम्ही कशाला? "उभं राहून थंडी वाजतीय," म्हणाली. मीही फावडं घेतलं.

कॉन्ट्रॅक्टर त्याच्या गाडीत, काच वर. कुणाशी तरी फोनवर हातवारे. त्याच्या मागं एक रिकामा ट्रेलर येऊन थांबला. नवीन मशीन येणारं की ड्रिल परत जाणारं, कळेना. विचारलं तर चालक म्हणाला, मला थांब म्हणालेत.

ऊन वर आलं. मल्लाप्पा एकदम "निल्ली!" म्हणाला, म्हणजे थांबा, आणि फावडं टाकलं. गुडघ्यावर बसून हातानं माती बाजूला केली. पिवळी पट्टी. धुळीत माखलेली, एका कडेला फाटलेली, पण पिवळी. तिच्याखाली अजून थोडं, आणि मग लोखंडी पाइपची काळी, गार, गोल पाठ. मी हात लावला. नकाशात ती तिथं नव्हती.

पद्माक्कानं जाऊन गाडीच्या काचेवर बोटानं टकटक केली.

तो उतरला. पॉलिश केलेले बूट, मातीचा ढीग ओलांडून आला, खड्ड्यात वाकून बघितलं. मग पँट वर ओढून उकिडवा बसला. एकदा ड्रिलकडं बघितलं, एकदा खड्ड्याकडं. मधली सरळ रेष त्यालाही दिसली असणार.

उठला नाही. तसाच बसून, आमच्याकडं न बघता म्हणाला, "असे अजून किती घ्यावे लागतील?"

पद्माक्कानं घमेलं खाली ठेवलं. "तुमच्याकडं फावडं हाय का?"